मासळीचे घर राखणारे मंडळ: गोव्यातल्या गावाने ते कसे उभे करावे

१ जूनला ट्रॉलर जेटीला लागतात आणि ३१ जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद राहते. मासळीला विणीसाठी उसंत मिळावी म्हणून ही ६१ दिवसांची बंदी, आणि ती हवीच. पण त्याच दोन महिन्यांत गावात काय चाललेले असते ते बघा. ओहळातून वर चढणारी मासळी बंधाऱ्याच्या भिंतीशी अडते आणि भिंतीखाली पिशव्या घेऊन माणसे उभी असतात. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाला मच्छरदाणीचे कापड लावून बोटाएवढी पिल्ले उपसली जातात. खारफुटीच्या कडेला कुणाच्या तरी बंगल्याच्या पायाची माती रिकामी होते. बंदी समुद्राला आहे. मासळीचे पाळणाघर मात्र गावाच्या हद्दीत आहे, आणि तिथे कुणाचा पहारा नाही.

हा लेख त्या पहाऱ्याबद्दल आहे. मासळीच्या अधिवासाची देखरेख करणारे मंडळ म्हटले की आपल्याकडे आधी नाव ठरते, मग लेटरहेड छापले जाते, मग उद्घाटनाला आमदार येतात. त्या वाटेने जाऊ नका. मानस, बांध, सांडपाण्याची नळी आणि रस्त्याखालची मोरी या चार ठिकाणी ज्याचा हात पोचतो, तेच मंडळ मासळीच्या कामाचे.

देशपातळीवरून काय घ्यावे

अमेरिकेत असे राष्ट्रीय मंडळ आहे. २००६ साली तिथे मत्स्य-अधिवासाचा राष्ट्रीय कृती आराखडा झाला, त्याखाली नदीखोऱ्यांच्या आणि किनाऱ्यांच्या स्थानिक भागीदाऱ्या काम करू लागल्या, आणि कायद्याचा शिक्का बसला तो २०२० च्या ऑक्टोबरात. कायद्याने मंडळाला २६ सदस्य दिले. त्यांत सरकारी खाती आहेत, राज्यांचे मत्स्यविभाग आहेत, मूळ निवासी जमाती आहेत, मासेमारीवाले आहेत आणि शेतीवालेही आहेत. काम स्थानिक भागीदारीने सुचवायचे, मंडळाने ते पारखून पुढे पाठवायचे, अशी रीत. मला त्यातल्या दोन गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. एक, आधी काम आणि मग कायदा. दुसरी, शेतकऱ्याची खुर्ची. मासळीच्या मंडळात शेतकरी कशाला, असे ज्याला वाटते त्याने खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून काढलेल्या शेतजमिनीच्या, बांधावर एक भरती उभे राहून पाहावी.

भारतात मासेमारी हा राज्यसूचीतला विषय, आणि प्रादेशिक जलसीमेपलीकडची मासेमारी केंद्राकडे. हैदराबादला २००६ पासून राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळ आहे, पण त्याचा भर उत्पादन वाढवण्यावर. मासा जिथे राहतो ती जागा कुणाची, हे विचाराल तर बांध कृषी खात्याचा, बंधारा जलस्रोत खात्याचा, खारफुटी वन खात्याची, जेटी बंदर कप्तानाची आणि मासा मत्स्य खात्याचा. दिल्लीत मंडळ होईल तेव्हा होवो. पंचायतीत त्याची जागा आजच तयार आहे.

छप्पर कायद्याचे हवे

वेगळी संस्था नोंदवायच्या भानगडीत पडू नका. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते, आणि त्या समितीच्या कामांत अधिवासाचे रक्षण हे काम कायद्यातच लिहिलेले आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या समितीत किमान ७ आणि जास्तीत जास्त ११ सदस्य असतात. म्हणजे मंडळ तुमच्या गावात कागदावर आधीच आहे. कपाटातून बाहेर काढायचे, एवढेच.

कपाटात ते का गेले, हेही ठाऊक असावे. राष्ट्रीय हरित लवादाने सगळ्या राज्यांना समित्या नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही पुरी करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती, आणि मुदत चुकली तर राज्याला महिन्याला १० लाखांचा भुर्दंड. त्या धास्तीत देशभर नोंदवह्या भराभर झाल्या. तुमच्या गावची वही पंचायतीतून मागून घ्या आणि मासळीचे पान उघडा. बांगडा, तारली, इसवण अशी बाजारातली यादी दिसली, तर समजा की लिहिणारा नदीवर गेला नव्हता. नदीकाठच्या गावाच्या वहीत आधी शेवटो, काळुंद्र, चोणक, तामसो, शेंगटां, कुर्ल्यो, तिसऱ्यो यायला हव्यात.

पहिली पायरी म्हणून पुढच्या ग्रामसभेत एकच ठराव आणा: जैवविविधता समितीच्या अंतर्गत मासळी-अधिवास गट नेमावा, त्याने वर्षभरात नकाशा करावा, दर तीन महिन्यांनी ग्रामसभेपुढे तोंडी आणि लेखी माहिती द्यावी. ठराव लहान ठेवा. लांब ठरावात विरोधकाला बोट ठेवायला जागा मिळते, आणि आपल्या ग्रामसभा कशा पेटतात हे सांगायला नको. गटाला स्वतःचे कायदेशीर अधिकार नसतात, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका. त्याचा प्रत्येक निर्णय समितीच्या इतिवृत्तातून आणि सरपंचांच्या सहीने बाहेर जाईल.

खुर्च्या कुणाला

नऊ माणसे पुरेत. पागेर (फेकजाळे) आणि कांटाळी (आडवे लावायचे जाळे) घेऊन रोज नदीत उतरणारे दोघे. तिसऱ्यो-खुबे, म्हणजे शिंपले, वेचणाऱ्या बायकांतल्या दोघी; या बायका सुकतीला (ओहोटीला) गुडघाभर चिखलात असतात, आणि तळाची वाळू कुठे गेली, कुठे चिखल चढला, हे त्यांना शास्त्रज्ञाच्या आधी कळते. खाजन शेतकऱ्यांच्या टेनंट असोसिएशनचा एक. गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, म्हणजे कोमुनिदादीचा, किंवा उत्तरेकडच्या भाषेत गावकारीचा, एक. शाळेचा किंवा कॉलेजचा एक विज्ञान शिक्षक. एक पंच. आणि मानशीचा ठेकेदार, म्हणजे तिथली मासळी धरण्याचा हक्क लिलावात घेणारा.

ठेकेदाराला घ्यायचे की नाही यावर वाद होतोच. माझे मत, घ्या. बाहेर ठेवलात तर तो रात्री काय करतो ते कळणार नाही, आत घेतलात तर निदान समोर बसून नाकारावे लागेल. मात्र पावणीच्या, म्हणजे त्या लिलावाच्या, अटींवर त्याला मत नाही, हे आधीच लिहून ठेवा. ज्याचा व्यवसाय जमिनीच्या दलालीचा आहे अशा माणसाला मात्र घेऊ नका, तो कितीही उत्साही असला तरी. खाजनाचा नकाशा त्याच्याच टेबलावर आधी पोचेल.

गणपूर्तीचा नियम असा करा की एक न्हंयकार (नदीत मासे धरणारा) आणि एक वेचणारी बाई हजर नसेल तर बैठक होणार नाही. यामुळे बैठकीची वेळ आपोआप सुधारते. संध्याकाळी पाचची बैठक पंचांना सोयीची असते, पण त्या दिवशी पाचला सुकती असेल तर निम्मी माणसे नदीत असणार. तारीख भरतीचे वेळापत्रक बघून ठरवा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याची ओढ कमी आणि माणसे मोकळी सापडतात. बोलणे कोकणीत होईल, इतिवृत्त मराठीत लिहाल, खात्याला जाणारे पत्र इंग्रजीत करावे लागेल. त्यासाठी एका तरुण मुलाला किंवा मुलीला सचिव करा आणि प्रवासखर्च द्या. फुकटचा सचिव सहा महिने टिकतो.

नकाशा पायी करा

उपग्रहाचा नकाशा जरूर घ्या, पण तो सोबत ठेवायला. किनारी विभाग व्यवस्थापन आराखड्यातला तुमच्या गावाचा तुकडा आणि जमिनीच्या सर्वे नंबरांचा आराखडा, दोन्ही मोठ्या कागदावर छापून घ्या. मग किमान चार वेळा चाला: उधाणाच्या भरतीला, उधाणाच्या सुकतीला, पहिल्या मोठ्या पावसानंतर, आणि मे महिन्यात. मांडवी-झुआरीसारख्या नद्यांचे रूप ऋतूगणिक पालटते. पावसाळ्यात गोड पाण्याचा लोंढा, मे महिन्यात समुद्राचा खारेपणा कित्येक किलोमीटर आत. एकाच फेरीत काढलेला नकाशा म्हणूनच अर्धा खोटा असतो.

काय टिपायचे? प्रत्येक मानस आणि तिची दारे कोणत्या अवस्थेत आहेत. प्रत्येक पोय, म्हणजे बांधाच्या आतला पाणी साठणारा सखल भाग. नदीतले कोंड, जिथे उन्हाळ्यातही पाणी खोल राहते. तिसऱ्यांच्या वाळूचे पट्टे. शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटणारे शिंपले, धरणारे खडप. खारफुटी, तिच्यामागचा चिखल आणि मिठागरे. सांडपाण्याच्या नळ्या, होड्या धुण्याची जागा, कचरा टाकण्याची जागा. प्रत्येक खुणेपुढे सर्वे नंबर लिहा आणि जमिनीच्या हक्कनोंदीचा एक-चौदाचा उतारा काढून मालक कोण ते बघा. हे काम कंटाळवाणे आहे. पण तक्रार करायची वेळ येते तेव्हा अधिकारी पहिला प्रश्न सर्वे नंबरचाच विचारतो.

ओहळ आणि बंधाऱ्यांकडे बहुतेक गट दुर्लक्ष करतात, कारण ते नदीसारखे दिसत नाहीत. डिचोली, सत्तरी, सांगे, काणकोणच्या गावांत तर खरा प्रश्न तिथेच आहे. रस्त्याखालून सिमेंटचा पाइप घातलेला असतो. काही पावसाळ्यांनी पाइपच्या खालच्या तोंडाशी पाणी माती खणून नेते आणि तोंड हवेत लोंबू लागते. चढणीच्या माशाला तेवढी उडी झेपत नाही. टेप घेऊन पाइपचे तोंड आणि खालचे पाणी यातले अंतर मोजा, आत पाणी किती उथळ आणि किती वेगात वाहते ते लिहा, फोटो काढा. उपाय स्वस्त आहे: खाली मोठे दगड रचून दोन-तीन पायऱ्यांचे डबके करायचे, म्हणजे पाण्याची पातळी पाइपपर्यंत येते. पुढच्या वेळी रस्ता खणतील तेव्हा पाइप ओहळाच्या तळाहून थोडा खाली बसवायला सांगा, म्हणजे त्यात वाळू बसून तळ नैसर्गिक होतो. वसंत बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाआधी निघाल्या का, हे मेच्या शेवटी जाऊन बघा. फळी काढायला विसरलेला एक बंधारा वरचा सगळा ओहळ त्या वर्षापुरता बंद करतो.

मानस आणि पावणी: इथे वेळ घालवा

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. भरतीच्या पाण्याखाली गेलेली जमीन बांध घालून शेतीला काढायची, पावसाळ्यात कोरगुटासारखे खार सोसणारे भात पिकवायचे, आणि आतल्या पोयीत मासळी धरायची, अशी ही शतकानुशतकांची रचना. तिचा सांधा म्हणजे मानस. लाकडी दारे अशी बसवलेली असतात की सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतात. मासळीसाठी दार मुद्दाम उचलून भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि पाणी परतताना तोंडाशी थैलीचे जाळे लावायचे. पुनव-अवसेच्या उधाणाला ही मासळी पडते.

यात शेतकरी आणि मासेमार यांच्यातला तह दडलेला आहे. भात उभे असताना खारे पाणी आत नको, पीक निघाल्यावर मासळीला मोकळीक. जिथे शेती पडीक झाली तिथे तहाचा एक पक्षच उरला नाही. मानशीची पावणी लाखांवर जाऊ लागली की ठेकेदाराला शेतात खारे पाणी शिरलेलेच परवडते. पाणी आत जास्त, मासळी जास्त. बांधाला खिंडार पडले तर ते बुजवायची घाई कुणाला नसते, आणि दोन-तीन वर्षांत शेतात खारफुटी उभी राहिली की शेतीला परतण्याची वाटही अवघड होते. खारफुटी वाढली म्हणजे निसर्ग जिंकला, असे शहरातून आलेल्या पाहुण्याला वाटते. बांधाच्या आत वाढलेली खारफुटी आणि नदीकाठची जुनी खारफुटी यांत फरक आहे, आणि तो मंडळाला नकाशावर वेगळ्या रंगात दाखवता आला पाहिजे.

पावणी करण्याचा अधिकार तुमच्या गटाला नाही. जागेप्रमाणे तो कोमुनिदादीकडे किंवा टेनंट असोसिएशनकडे असतो, आणि असोसिएशनच्या कारभारावर मामलेदारांची देखरेख. गटाचे काम अटी सुचवणे. त्या तोंडी नकोत. पावणीच्या जाहिरातीत छापून याव्यात यासाठी किमान दोन महिने आधी मामलेदारांना पत्र द्या, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडा. माझ्या मते या अटींशिवाय पावणी होऊ देऊ नये: जाळ्याच्या डोळ्याचे माप लिहिलेले असावे आणि मच्छरदाणीचे कापड चालणार नाही हे स्पष्ट असावे, पावसाळ्याच्या सुरुवातीपासून कापणीपर्यंत दारे शेतीच्या गरजेनुसारच उघडावीत, पोय पंप लावून कोरडी करू नये, विष, ब्लीचिंग किंवा स्फोटक वापरल्यास ठेका त्याच दिवशी रद्द, दारांच्या आणि बांधाच्या दुरुस्तीसाठी अनामत रक्कम, आणि ठेकेदाराने प्रत्येक उधाणाला काय आणि किती पडले याची वही ठेवावी.

डोळ्याचे माप का, हे ठेकेदाराला आकड्यांपेक्षा चोणकीने पटते. चोणक आधी नर असते आणि वयाने, आकाराने मोठी झाल्यावर मादी होते. पावसाळ्याच्या तोंडावर ती नदीमुखाकडे अंडी घालायला उतरते आणि पिल्ले खाजन-खारफुटीच्या निमखाऱ्या पाण्यात वाढायला येतात. म्हणजे पोयीत सापडलेली बोटभर चोणक मारली तर ती कधी मादी होणारच नाही, आणि मुखाशी आडवे जाळे लावून सगळ्या मोठ्या काढल्या तर उरतात फक्त नर. काळुंद्राची गोष्ट वेगळी. ती पाण्यात बुडालेल्या दगडाला, लाकडाला अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघे राखण करतात. पोय स्वच्छ करण्याच्या नावाखाली तळातले ओंडके आणि दगड उपसणारे लोक तिची घरटीच उचलून नेतात. शेवटो वीण समुद्रात करतो आणि पिल्ले खाडीत वाढवतो, त्याला मानशीचे दार योग्य वेळी उघडे मिळणे एवढेच हवे असते. तीन मासे, तीन वेगळ्या गरजा. मंडळाने नियम करताना अमुक मासा राखायचा असे न म्हणता त्या जागेत कोणत्या महिन्यात कोण राहतो, असे विचारावे.

एक वर्षाची पावणी मला धोक्याची वाटते. ज्याला पुढच्या वर्षी मानस मिळेल याची खात्री नाही, तो शेवटच्या अवसेला पोय खरवडूनच जाणार. मामलेदार आणि असोसिएशनशी बोलून मुदत तीन वर्षांची करता येते का ते बघा, आणि दरवर्षी बांध व वही पाहूनच पुढचे वर्ष द्या.

मोजमाप, पण झेपेल एवढेच

महिन्यातून एक दिवस, ठरलेली चार ठिकाणे, भरतीची ठरलेली वेळ. खारेपणासाठी रिफ्रॅक्टोमीटर, समुद्राचे पाणी साधारण दर हजारी ३५ दाखवते, त्यावरून आत किती खार शिरला ते कळते. गढूळपणासाठी दोरीला बांधलेली पांढरी थाळी, ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. विरघळलेल्या प्राणवायूसाठी तपासणी किट. गोड्या पाण्यात मासळी जगण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू आणि ६.५ ते ८.५ सामू असा आहे. पहाटे मोजा, रात्रभर झाडे-शेवाळे प्राणवायू खातात, त्यामुळे पाणी किती गुदमरले आहे ते पहाटेच दिसते. दुपारचा आकडा नेहमी गोड बोलतो.

मासळी मोजण्यासाठी पागेर पुरे. तोच पागेर, तीच जागा, दर खेपेला दहा फेक. जाती, संख्या, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या माशाची लांबी लिहा आणि सोडून द्या. तिसऱ्यांसाठी लाकडी चौकट टाकून आतल्या मोजा. शाळेची मुले हे काम आनंदाने करतात, फक्त सुकतीच्या चिखलात एकट्याने पाठवू नका.

आकडे कुणाला दाखवायचे? दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जुन्या गोव्याजवळ एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. एखादा विद्यार्थी प्रकल्प तुमच्या वहीवर होईल असे बघा. बदल्यात एक अट घाला, निष्कर्ष ग्रामसभेत येऊन सांगायचे.

कुणाला काय लिहायचे

एकच तक्रार दहा खात्यांना पाठवली की दहाही जण ती दुसऱ्याची समजतात. बांधाला खिंडार पडले तर कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाला. बंधारा, गाळ, ओहळाचे काँक्रिटीकरण, हे जलस्रोत खात्याला. खारफुटीची तोड वन खात्याला. भराव आणि किनारी नियमांचा भंग किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाला; १,००० चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीला भोवती ५० मीटरचा राखीव पट्टा असतो, हे पत्रात लिहा. सांडपाणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला. जाळी, परवाने, किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत शिरलेले ट्रॉलर, एलईडी दिव्यांची मासेमारी, हे मत्स्य खात्याला. तरंगती जेटी किंवा नांगरलेली बोट बंदर कप्तानाला. वाळूउपसा खाण संचालनालय आणि मामलेदारांना. रात्री वाळूच्या होड्या अडवायला गावकऱ्यांना मुळीच पाठवू नका, त्यात माणसे जखमी होतात आणि मंडळ मोडते. वेळ, जागा, फोटो, सर्वे नंबर द्या आणि पोचपावती घ्या. ३० दिवसांत हालचाल नसेल तर माहिती अधिकारात फाइलची प्रत मागा. प्रत मागितलेली फाइल टेबलावर येते, असा सगळ्यांचाच अनुभव आहे.

तक्रारीत संरक्षित प्राण्याचा पुरावा असेल तर वजन वाढते. झुआरीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरात मेंडो, म्हणजे जुन्या घरांच्या खिडक्यांना ज्याचे पातळ शिंपले लावत तो कालवाचा प्रकार, सापडतो आणि वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. आपल्या हद्दीत असे काही आहे का, हे नकाशा करतानाच बघून ठेवा.

खारफुटी लावण्याची हौस

सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीतून काम करणारे, आले की त्यांना रोपे लावायची असतात, कारण फोटो चांगला येतो. नकार द्यायला शिका. तिसऱ्यांच्या उघड्या वाळूवर खारफुटी लावली की गाळ धरतो आणि तिसऱ्यो गुदमरतात. बांधाच्या पोटात लावली तर मुळे दगड हलवतात. लावायचीच असेल तर जिथे पूर्वी होती आणि तुटली, तिथे, आणि नदीच्या बाजूला बांधापासून अंतर राखून. बहुतेक ठिकाणी भरतीच्या पाण्याची वाट मोकळी केली तर बी आपणच येऊन रुजते.

पैसा

पहिल्या वर्षी फार लागत नाही. उपकरणे, छपाई, सचिवाचा खर्च आणि चहा. जैवविविधता कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे स्थानिक जैवविविधता निधी असतो. समितीचे बँक खाते चालू आहे का ते आधी तपासा आणि साळगावच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे कामाच्या आराखड्यासह अर्ज करा. मोठ्या कामांचा, म्हणजे बांध आणि मानशीच्या दारांचा, खर्च गटाने अंगावर घेऊ नये. तो खात्यांच्या अंदाजपत्रकातून व्हावा, गटाने फक्त जागा आणि क्रम सुचवावा. पैसा हातात आला की भांडणही हातात येते. पावणीच्या रकमेतला ठरावीक भाग दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची अट मात्र पहिल्याच वर्षी घाला.

एका गावाने भागत नाही

मांडवी आणि झुआरी कुंभारजुवे कालव्याने जोडलेल्या आहेत. एका नदीतली घाण दुसरीत जायला वेळ लागत नाही. २०१६ च्या कायद्याने गोव्यातले सहा जलप्रवाह राष्ट्रीय जलमार्ग झाले, म्हणजे गाळ काढण्याचे आणि जेट्यांचे प्रस्ताव आता दिल्लीहूनही येऊ शकतात. अशा प्रस्तावापुढे एका पंचायतीचे पत्र लहान पडते. म्हणून दुसऱ्या वर्षी समोरच्या काठाच्या आणि वरच्या अंगाच्या दोन-तीन पंचायतींच्या समित्यांना बोलवा. शापोरा, साळ, तळपण, गालजीबाग यांसारख्या आटोपशीर नद्यांवर हे आधी जमेल. तेरेखोलवर मात्र पलीकडचा बराचसा काठ सिंधुदुर्गाचा, तिथे तिकडच्या ग्रामपंचायतींशीही बोलावे लागेल.

संयुक्त बैठकीत पहिला विषय नियमांचा घेऊ नका, तिथे भांडण ठरलेले आहे. पहिला विषय तारखांचा घ्या: कुणाची मानस कधी उघडते, कुणाच्या बंधाऱ्याच्या फळ्या कधी निघतात आणि कधी बसतात. या तारखा एका तक्त्यावर आल्या की वरच्या गावाने फळ्या बसवल्यामुळे खालच्या गावाची पोय कधी आटते, हे बोलण्याआधीच दिसते. दुसरा विषय, एखादा कोंड किंवा खारफुटीचा तुकडा सगळ्यांनी मिळून वर्षभर जाळ्याविना ठेवायचा. तो लहान असू द्या, आणि कुणाच्या रोजच्या पोटावर येणारा नको. तिसरा विषय, प्रत्येक गावाने आपल्या नोंदवहीतले मासळीचे पान नव्याने लिहून राज्य मंडळाकडे पाठवायचे. नदीत कुठलाही प्रकल्प आला की आक्षेपाला जोडायला हेच पान लागते, आणि ते जनसुनावणीच्या आदल्या रात्री लिहिता येत नाही.